हातचा

दर जूनच्या पंधरा तारखेला अल्सीड वेलेट चिडलेला असायचा.
"एप्रिल आणि मे. मोज."
माझ्या खिडकीच्या फळीवर बोटं टेकवायचा, दोनच,
दोन्हींना आमिषाच्या हेरिंगचा वास.
"आणि म्हणे तिमाही!"
मी काय सांगणार? मी टपाल खात्याची बाई,
तिकिटं विकते, शिक्का मारते.
ही तिमाही दोन महिन्यांची, पुढची तीन, त्यापुढची चार,
असं वर्ष कुणी कापलं
ते ऑगस्टातल्या कचेरीलाही ठाऊक नसावं
(ऑगस्टा, महिना नव्हे, आमच्या मेन राज्याची राजधानी;
पाकिटं तिथंच जातात).

माझा कर माझ्या हाताला कधी लागत नाही.
पगार येतो तोच कापून,
सोललेल्या बटाट्यासारखा. साल कुठं गेली, मी विचारत नाही.
अल्सीडला मात्र सगळा पैसा आधी हातात धरावा लागतो,
त्यातून डिझेल, दोर, वादळात गेलेले पिंजरे वजा करावे लागतात,
आणि उरलेल्यातला काही
आपला नाहीच, असं स्वतःला पटवावं लागतं.
तेही शेवंडं अजून तळाशी हिंडत असताना.
डिसेंबरपर्यंत किती मिळेल, एप्रिलमध्ये कोण सांगणार?
"पाण्याला विचारा," म्हणायचा तो.
विचारायचा ओडीलला.

ती बेरीज मोठ्यानं करायची. धक्क्यापर्यंत ऐकू यायची:
"सात नि आठ पंधरा, पाचाला पाच, हातचा एक.
अल्सीड, हातचा कोण धरणार?"
चारही पावत्यांवर नावं ती मार्चमध्येच लिहून ठेवायची,
आधी त्याचं, खाली स्वतःचं, निळ्या शाईत.
रकमेची चौकट कोरी.
समुद्राच्या बाबतीत तिचाही अंदाज चुकायचा, आणि ती ते कबूल करायची.

यंदाही मार्चमध्ये नावं लिहिली.
एप्रिलच्या शेवटी गेली.

जूनमध्ये तो आला तेव्हा चिडला नाही.
शेवटी मीच म्हटलं, "दोनच महिने झाले, नाही का?"
"दोनच?" तो म्हणाला.
"मला जास्त वाटले."

सप्टेंबरात त्यानं रक्कम इथंच लिहिली, उभ्यानं,
माझ्या साखळीच्या पेनानं, पाकिटाच्या पाठीवर बेरीज करून.
मला उलटं दिसत होतं, तरी दिसलं:
हातचा राहिला होता.
मागं रांगेत तीन माणसं, एक रडणारं मूल.
मी म्हटलं, "हातचा."
त्यानं वर पाहिलं, मग दाराकडे पाहिलं,
मग दुरुस्त केलं.

आज जानेवारीची पंधरा. खाडी कडेनं गोठलेली,
बोटी ताडपत्रीखाली.
चौथी पावती. शेवटची.
हे वर्ष अजून दोघांचं आहे,
राज्याच्या लेखी दोघंही मिळवती, दोघंही देणेकरी,
आणि कुणी हरकत घेतलेली नाही.
तो पाकीट फळीवर ठेवतो, पण वरून हात काढत नाही.

"जास्त भरलं गेलं तर?" तो विचारतो.
"मोसमाच्या शेवटी पिंजरे रिकामे आले.
तिच्या हिशेबानं भरलंय मी, माझ्या नाही."

मला जे माहीत आहे ते सांगते:
जादा गेलेलं परत मागता येतं.
नाहीतर पुढच्या वर्षात वळतं करता येतं.

तो बराच वेळ विचार करतो.
हातमोजा काढतो, परत घालतो.
मागं आज कुणी नाही, मला घाई नाही.

"वळतं करतो," म्हणतो.

मी यंत्रात टाकत नाही. शिक्का हातानं मारते,
तारीख नीट वाचता यावी म्हणून,
पत्त्यापासून आणि त्या निळ्या अक्षरांच्या खिडकीपासून
जरा दूर.