सोळाची चाल

उद्यमनगरात शनिवारी लेथ थांबला
की शटर अर्धं ओढून आम्ही सिनेमा लावतो.
पडदा म्हणजे चुन्याची भिंत, खुर्च्या म्हणजे तेलाचे डबे.
मशीन लक्ष्मीपुरीतल्या भंगारातनं किलोवर घेतलेलं,
सोबत अकरा रिळं फुकट.
अकराही मुकी.

पहिल्या दिवशी लावलं तर सगळे पळतायत.
चहा पितानाही पळतायत, झोपतानाही.
शौकत बागवान म्हणाला, भारी हाय, विनोदी असंच असतंय.
मी म्हटलं, विनोदी न्हवं लेका, चुकलंय.
सोळाच्या बैलाला चोवीसनं हाकालाईस.

मोटरची पुली काढली, लेथवर चढवली,
दोन सूत उतरवली.
आता थोडं लुकलुकतं. लुकलुकू दे.
पण माणूस माणसासारखा चालतो,
आणि पडायच्या आधी त्याला कळतं की आपण पडणार.
हे कळणं कपाळावर अर्धा सेकंद असतं.
घाईत ते पहिल्यांदा मरतं.

माझी मतं पक्की आहेत, कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.
केकफेकीचं मला हसू येत नाही;
आमच्यात भाकरीचा तुकडा पडला
तर उचलून कपाळाला लावतात.
दोन रिळांच्या वर विनोद गेला की त्याचं भाषण होतं.
आणि मागनं पियानो नको.
वाजवणाऱ्याचा ना त्या माणसावर भरवसा, ना आपल्यावर.
मशीनची टरटर पुरे.

मध्ये इंग्रजी पाटी येते, ती शौकत वाचतो.
त्याला इंग्रजी येत नाही.
"पावणं, म्हस सुटली!"
आणि बसतंय की. दर वेळी बसतंय.

एकदा ईश्वरा चौगले वस्ताद आले,
कान फुटलेले, गुडघे गेलेले, गंगावेशीतनं चालत.
शिडीवरनं पडणारा बारका माणूस बघून
आम्ही डब्यांवरनं घसरलो, ते हसले नाहीत.
म्हणाले, परत लाव.
लावलं.
परत लाव.
पाचव्यांदा उठून भिंतीपाशी गेले,
शिडी त्यांच्या सदऱ्यावर चढली.
"हितं बघ. हनुवटी छातीला. खांदा आदी, मग पाठ.
चार वर्सं नुसता पडलाय ह्यो, तवा एवढं आलंय.
माज्याकडं येणाऱ्या पोरास्नी पाडायचं शिकायचं असतंय.
पडायचं शिकवा म्हणून
एक न्हाई आला अजून."

अकरावं रीळ बहुतेक आपल्याकडचंच.
पाटी नाही, नाव नाही, दीड मिनिट.
दीपमाळ दिसते, म्हणजे पंचगंगेचा घाट.
एक टोपीवाला उतरतो, शेवाळावर घसरतो,
टोपी पाण्यात.
पडणं कच्चं. हात आधी टेकला,
वस्ताद म्हणाले, मनगट गेलं असणार.
पण कडेला एक बाई धुणं धुतीय.
तिला कुणी काही सांगितलेलं नसावं.
टोपी वाहत तिच्यापाशी येते.
ती उचलते, दगडावर दोनदा आपटते,
पिळते,
झटकून धुण्याच्या ढिगावर ठेवते,
आणि मग कुठं तिच्या ध्यानात येतं की ही आपली नव्हे.
ती सरळ आपल्याकडं बघते.
तिथं रीळ संपतं.

शौकत म्हणतो, ठरवून केलंय.
मी म्हणतो, ठरवून केलं असतं तर ती आधी हसली असती.
ह्यावरनं आम्ही दोन आठवडे बोललो नाही.
बाकीची दहा रिळं शिकलेल्या माणसांची आहेत,
मला आवडतात, पण ही बाई
त्या दहांच्या वरची.
भोकं फाटलीत कडेची, दर खेपेला एखादी चौकट तुटते,
म्हणून तिला महिन्यातनं एकदाच लावतो.
सध्या ती पिळते तिथली जराशी कमी झालीय.

परवा शटरखालनं वाकून बाहेर पडताना
वस्ताद थांबले. "टोपी दिली का गा त्याला परत?"
मी म्हटलं, रीळ संपतंय तिथं.
शौकत म्हणाला, दिली असणार की, कोल्हापूर हाय.
वस्तादांनी मान हलवली, पटलेली नाही, नुसती हलवली,
आणि गुडघा धरून
एकेक पायरी बघत
उतरले.