दिवा धरणारी

"वर. आणखी वर. तुला दिसेल तसा नाही, मला दिसेल तसा धर."
वडील एवढंच बोलायचे.
मी नऊ वर्षांची, हातात जाळीतला दिवा,
मागे नारिंगी वायर, पार फ्रीजरच्या प्लगापर्यंत.

गाडी आली तेव्हा ती गाडी नव्हतीच.
ड्रायलिंगांच्या खुराड्यातून साखळीने ओढून आणलेलं
छत्तीस सालचं कूप: दोन दारं, काच एकही नाही,
सीटच्या स्प्रिंगांत तीन अंडी.
आईने अंडी उचलली, उजेडाला धरून पाहिली
आणि म्हणाली, "यातलं कामाचं तेवढं मी घेतलं."

इंजिन मात्र मोठ्या घरचं,
एका शववाहिकेतून काढलेलं.
दहा वर्षं ते काउंटीतल्या लोकांना पोचवत होतं,
ताशी पंधरा मैलांनी, दिवे लावून.
आठ सिलिंडर, आणि पळायला एकदाही मिळालं नव्हतं.
वडिलांनी त्यावर हात ठेवला. "बिचारं," म्हणाले.
हा शब्द त्यांनी माणसासाठी वापरलेला
मला आठवत नाही.

दिवसभर दुसऱ्यांची कंबाइनं,
रात्री जेवणानंतर हे.
कॅन्ससचा वारा शटरखालून आत यायचा,
पाना इतका गार की बोटाला चिकटायचा.
मी या खांद्यावरून त्या खांद्यावर दिवा बदलायची.

सहा हिवाळे. मी गाडी अशी पाहिलीच नाही.
मी पाहिले ते वीतभर, गोल तुकडे:
ब्रेकच्या नळीचं वळण. मागचा आस, दोन्हीकडून कापून आखूड केलेला.
वडिलांच्या अंगठ्याचं काळं नख,
आणि तेल सांडलं की त्यात उलटी लटकलेली मी.

छप्पर कापलं ती रात्र वेगळी.
प्रत्येक खांबातून चार इंच, चार इंच,
आणि मग वरचं खालच्यावर बसेना.
"खांब तिरपे असतात," वडील म्हणाले,
"उभे असतात तोवर कळत नाही."
ते बराच वेळ उलट्या बादलीवर बसून राहिले.
आत आई बीट उकळत होती, बरण्या वाजत होत्या.

रंग तिनेच सांगितला. कोणी विचारलं नव्हतं.
"लोणच्यातल्या बीटाचा. नाहीतर मी बसणार नाही."
म्हणजे तिने बसायचं ठरवलं होतं
हे आम्हाला तेव्हा कळलं.

गव्हाची कापणी उरकल्यावर, जुलैत, शटर वर गेलं.
मी पहिल्यांदा अख्खी गाडी पाहिली.
बुटकी, रुंद, कपाळावर आठी घातल्यासारखी.
सुरू झाली तेव्हा आधी जमिनीला कळलं,
मग माझ्या पायांना, मग कानांना.

कूपमध्ये जागा दोघांचीच.
आईने हात पुसले, डोक्याला रुमाल बांधला, मान वाकवून आत शिरली.
कोठारापर्यंतचा रस्ता सरळ, चार मैल, एकही झाड नाही.
पांढरी धूळ उठली, तिच्यापुढे एक जांभळा ठिपका,
मग नुसती धूळ.

परत आले तेव्हा वडील हसत होते,
पोट धरून, स्टिअरिंगवर कपाळ टेकून.
मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.
"काटा एकशे दहावर," ते कसेबसे म्हणाले,
"आणि ही मला विचारते, एवढंच का?"
आई समोर बघत होती. रुमाल कुठेतरी उडाला होता.
"पुन्हा चल, लियँडर," ती म्हणाली.
आणि ते पुन्हा गेले.

माझ्या हातात दिवा होता. सवयीने बाहेर आणलेला.
भर उन्हात, वायरचं टोक गवतात.

आता गाडी विचिटाच्या एका दातांच्या डॉक्टरकडे आहे.
परवा त्याचा फोन आला. सभ्य माणूस, बारकाईने बघणारा.
म्हणाला, डॅशखालचा डावा सांधा इतका सुरेख,
उजवीकडे तोच बोटभर वाकडा, असं कसं?
मी म्हटलं, कोण जाणे.

तिथे मला झोप लागली होती.
त्यांनी उठवलं नव्हतं.