उजवा खालचा चौकोन

सूर. गावाचं नाव असं, आणि ऐकू येतो
फक्त एसीचा घरघराट,
नाहीतर खाडीकाठी कोणी गलबताच्या फळ्या ठोकतं ते,
सकाळी सहापासून.

वॉर्ड तीन, खाट अकरा.
शमशुद्दीन परकार, बाणकोटचे. वय एकावन्न.
फॉर्मवर अरबी आहे, इंग्रजी आहे,
दुखण्याच्या रकान्यात एकच शब्द: पोट.

पोटात कुठे? मी विचारते.
ते सगळा तळवा फिरवतात,
हरवलेली म्हैस कुठल्या डोंगरात गेली
ते सांगावं तसा.

मग मी निळं पेन काढते.
दोन रेघा उभ्या, गळ्याच्या हाडांच्या मध्यावरून सरळ खाली.
दोन आडव्या, एक बरगड्यांच्या काठाला,
एक कमरेच्या हाडांवर.
नऊ घरं झाली.
वरच्या मधल्यात भूक जळते.
मधोमध बेंबी, तिच्या दोन्ही अंगांना कुशी,
खाली ओटीपोट,
आणि दोन जांघा, ज्यांचं नाव मी घेतल्यावर
परकार खिडकीकडे बघतात.

"फुली-गोळा," ते म्हणतात. "शाळेत खेळायचो."

खोका जरा.
ते खोकतात, आणि उजव्या खालच्या चौकोनात
लिंबाएवढं काही वर येतं.
"चौदा महिने."
लुंगी आवळून, बोटांनी आत सारून,
सुपरवायझरला कळू न देता.
मेडिकलमध्ये नापास म्हणजे परतीचं विमान.
त्यांनी ते पोटात ठेवलं,
फक्त ते पोटात राहत नव्हतं.

पोटाची भिंत एक नसते, मी सांगते.
कातडी. चरबी, तुमच्याकडे बेताची.
मग बाहेरचा तिरका स्नायू, त्याचे धागे
खिशात हात घालावेत तसे उतरतात.
त्याच्या आत दुसरा, उलटा तिरका.
त्याच्याही आत आडवा, करगोट्यासारखा.
"एवढे सगळे असून भोक?"
भोक नाही, वाट आहे.
तुम्ही आईच्या पोटात होतात तेव्हाची.
काहींची नीट बुजत नाही.
"म्हणजे सिमेंटच्या गोण्यांनी नाही?"
त्यांनीही.

डॉक्टर खलफान जाळी बसवणार आहेत.
"जाळी," परकार हसतात, "आमच्याकडे
आतलं बाहेर काढायला टाकतात ती."

मी बाजू दोनदा विचारते, फुली मारते.
हातावर पोट असलेल्या माणसाच्या पोटावर
माझा हात,
ज्या हातावर माझंही पोट आहे.

"फुली तुमची झाली. गोळा?"
मी काही बोलायच्या आत तेच म्हणतात,
"तो आलाय पोटात. न खोकता."

ट्रॉली वळताना मनगट धरतात माझं.
मुलीचा फोन आला तर पोटाचं सांगू नका.
दाढ काढली म्हणा.
कुठली म्हणून विचारेल ती, फार चौकस आहे,
तर उजवी म्हणा,
खालची.