फळ्यावरची मधली रेघ

पूर्णगडच्या शाळेत माझा पहिला तास, आठवीवर.
फळ्याच्या मधोमध रेघ ओढली:
डावीकडे प्राकृतिक, उजवीकडे मानवी.
बार्शीत ही रेघ
अकरा वर्षं सरळ उभी होती.

'जांभा दगड कुठं?'
'डावीकडे!' सगळा वर्ग.
'आणि चिऱ्याची खाण?'
जरा थांबून, उजवीकडे.
मला बरं वाटलं.

मग शेवटच्या बाकावरून सुहेल वस्ता:
'सर, खारबंदी कुठं लिहू?'
म्हटलं, बांध माणसांनी घातला, म्हणजे उजवीकडे.
'पण उधाणाला फुटतो ना.
तेव्हा आमचं शेत खाडीत असतं.
मग भांगात आम्ही माती टाकतो, दगड लावतो,
शेत परत उजवीकडे.
पुढच्या अमावास्येपर्यंत.'

भांगाची भरती मी शिकवत आलो होतो
आकृतीसकट: सूर्य इकडे, चंद्र काटकोनात, दोन गुण.
शमिका डोर्लेकर उठून म्हणाली,
भांग म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी आळशी होतं,
धड चढत नाही, धड उतरत नाही,
आमचे आजोबा तेव्हा जाळी शिवायला बसतात.
हे मी टिपणवहीत लिहून घेतलं,
पोरं बघत असताना.

हजेरी राहिली होती. पट उघडला, तर
गावखडकर, गोळपकर, पावसकर:
अर्धा तालुका आडनावांत,
आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत,
पवित्रा बोहरा. मुक्काम कलमबाग.
वडील हापूसच्या राखणीला, नेपाळहून.
मोहोराच्या आधी येतात,
पाऊस लागायच्या आत जातात.

'हजर,' म्हणाली, आणि बसली नाही.
'सर, मी कुठल्या बाजूला?'

कुणी हसलं नाही.
मी खडू घेतला.
मोहोर थंडीनं येतो; थंडी डावीकडे.
पेटी वाशीला जाते; वाशी उजवीकडे.
वानरं?
पोरं म्हणाली डावीकडे,
वानरं हाकणारा बाप उजवीकडे.
'आणि तुमच्या गावी?'
तिच्या गावची नदी, तिनं सांगितलं,
इतकी खोल वाहते की दिसत नाही, नुसती ऐकू येते.
उतारावरचं शेत दरसाल थोडं थोडं
तिच्यात जातं.
'म्हणून इथं.'

ते 'म्हणून' कुठं लिहायचं, ठरेना.
इकडून तिकडे लिहिता लिहिता
माझ्याच बाहीनं रेघ पुसली गेली होती;
दंडापासून मनगटापर्यंत पांढरा पट्टा.
घंटा झाली.
म्हटलं, गृहपाठ: आज त्रिपुरी पौर्णिमा,
रात्रीची भरती किती वाजता ते लिहून आणा.
पुस्तकात बघायचं नाही.

सकाळी बहुतेकांनी आजोबांना विचारून आणलं होतं,
दोघांनी मोबाइलवरून.
पवित्राच्या वहीत वाकड्या देवनागरीत तीन ओळी:
बागेतून खाडी दिसत नाही.
रात्री तहान लागली म्हणून उठले.
विहिरीचं पाणी खारट झालं, तेव्हा साडेअकरा.