सलगता

माझं काम एवढंच, ग्लासात दूध किती उरलं ते लिहून ठेवणं.
बर्बँक, स्टेज नंबर नऊ, सेहेचाळीसचा फेब्रुवारी.
मेणबत्ती दोन बोटं. डावा हातमोजा काढलेला.
पडदा वाऱ्याने आत
(वारा म्हणजे ऑर्विल, पंखा धरून उभा, दाढदुखीने बेजार).
नट विसरतात, दिग्दर्शक विसरतो,
वहीने विसरायचं नसतं.

कादंबरी मी दोनदा वाचली होती, ट्राममध्ये,
तपकिरी कागदाचं कव्हर घालून.
तिच्यात थोरली बहीण धाकटीच्या नवऱ्याला
जिन्यावरून ढकलते.
सकाळी उठून पाव भाजते, चर्चला जाते,
आणि जगते.
शेवटच्या पानावर ती जर्दाळूंचा मुरांबा ढवळत असते,
पाक अजून एकतारी झालेला नसतो.

स्टुडिओला मुरांबा चालेना.
नीतिमत्तेच्या कचेरीतून पत्र आलं: खुनी सुटता कामा नये.
मग संहितेत निळी पानं आली, गुलाबी आली, पिवळी आली,
आणि पिवळ्या पानांवर
थोरलीही त्याच जिन्यावरून पडू लागली.
तिला कुणी ढकलायचं नव्हतं.
न्याय म्हणजे एक सैल पायरी;
लाझ्लो सुताराने ती तीनदा सैल केली, तीनदा ठोकली,
प्रत्येक वेळी शिवी हंगेरीत.

त्या दिवशी लेखिका आल्या. थर्झा पॉमरॉय, फ्रेस्नोहून बसने.
मांडीवर पर्स, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं.
त्यांना माझ्या शेजारच्या स्टुलावर बसवलं.
उजवं मनगट वाकडं होतं,
हाड कधीतरी मोडून आपल्या आपण जुळलेलं.
जिन्याकडे बघून म्हणाल्या,
"कठडा बरोबर आहे. वर मात्र खोली होती."
आमच्याकडे वर काही नव्हतं,
प्लायवूड, आणि सँडविच खात बसलेला एक दिवेवाला.

टेक चौथा. थोरली पडली. गादीवर. टाळ्या.
गादी काढून तिला फरशीवर निजवलं, केस पसरले.
पॉमरॉयबाई हळूच बोलल्या,
बटाट्याचा भाव सांगावा तशा,
"ती पडली नाही हो, मिस लुंडीन.
स्टॉकटनला हॅटचं दुकान आहे तिचं."
मग अंडं सोललं. मीठ आहे का विचारलं.

दिवे लागले. कॅमेरा फिरू लागला.
तेव्हा मला दिसलं:
जिन्याच्या टोकाला अंगठी डाव्या हातात होती,
फरशीवर ती उजव्या हातात आहे.
अकरा वर्षांत अशी चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती.
कानावरची पेन्सिल काढली.
वहीच्या हिशेबाने
वरून निघालेली बाई आणि खाली पोचलेली बाई
एक नव्हेत.
दिग्दर्शकाने विचारलं, "सगळं ठीक?"
पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.
म्हटलं, "ठीक."

चित्रपट नोव्हेंबरात लागला. बरा चालला.
पायरीबद्दल वर्तमानपत्रांनी लिहिलं, केसांबद्दलही.
अंगठीबद्दल कुणी नाही.

नाताळच्या आदल्या आठवड्यात एक खोकं आलं,
शिक्का स्टॉकटनचा, आत भुसा,
भुशात बरणी. चिठ्ठी नव्हती.
मी चमचा घेऊन खिडकीत बसले.
बरणीत किती उरलं
ते कुठेही लिहिलेलं नाही.