तिसरी

बारा देल चुईला, ओहोटीच्या कडेला
इर्मा फावडंभर वाळू चाळणीत टाकते.
पाणी. हलका हिसका.
वाळू निसटते; उरतात कण्यांएवढे जीव:
मागे सरकत स्वतःला पुरणारा खेकडा,
दोन किडे, आणि नखाएवढी, पिवळी
तिसरी.
तिसरी कसली, या हिवाळ्यातली पहिलीच.

"एवढ्यासाठी माँतेव्हिदेओहून आलीस?" वाल्देमार विचारतो.
त्याच्या बापाने इथून पोत्यांनी नेल्या,
मग एका उन्हाळ्यात किनारा
उघड्या शिंपल्यांनी पांढरा पडला
आणि बाप विटा वाहायला गेला.

इर्मा वहीत लिहिते: एक.
जरा थांबून, पुढे: जिवंत.

सोडल्यावर तिसरी पाय बाहेर काढते,
परतत्या पाण्यात उभी राहते,
डुगडुगते,
गेली.
वर बारीक भोक.

वाल्देमार आपला बूट उचलून
दुसरीकडे ठेवतो.