साठ अंशांवर

अडावदच्या शिवारातून सुभान तडवी
कापडी पिशवीत माती घेऊन येतो,
सोबत केळीची चार मुळं, काळे चट्टे पडलेली,
आणि चिठ्ठी: गट नंबर, मुनवे कधी लावले, बस.

मी माती बादलीत घोळते.
एक चाळणी, मग बारीक चाळणी,
मग मलमलीवर रात्रभर.
सकाळी बशीच्या तळाशी जे उतरतं
ते उघड्या डोळ्यांना निव्वळ पाणी.

‘काय देखी राहिनी बाई, पानीम्हा?’

ये, वाक जरा. भिंगातून बघ.
लांबी पाऊण मिलिमीटर.
डोळा नाही, काळीज नाही, रक्त नाही.
सुई मात्र आहे तोंडात,
पोकळ, बुडाला तीन गाठी;
ती मुळाच्या सालीत खुपसायची
आणि पेशीतलं पाणी ओढायचं.
मागे घशाचा गोळा, त्यात झडप,
त्यामागे ग्रंथी,
आतड्यावर पोटाच्या अंगाने पांघरलेल्या.
कुशीला चार रेघा,
इंग्रजीच्या वहीला असतात तशा.
दोन बीजकोश: एक डोक्याकडे, एक शेपटाकडे.

जिवंतपणी सगळेच वळवळतात.
कोण कोण ते मारल्यावर कळतं.
साठ अंशांचं पाणी, अगदी हळू,
आणि ज्याची जी मोड ती उमटते:
कुणी सरळ काडी,
कुणी विळ्याची पात,
कुणी वेटोळं.
वेटोळं दिसलं की वहीत प्रजाती लिहायची.
जातीसाठी शेपूट. कडं कडं मोजायचं,
गोल संपलं तर ही,
पोटाकडून टोक निघालं तर ती.

चौदा वर्षं.
चोपड्याला नणंद विचारते, नेमकं करतेस काय?
शेपट्या मोजते, म्हणते मी,
आणि तिला वाटतं मी टाळतेय.

आज एक मादी
अर्धी मुरडली आणि राहिली.
विळा नाही, वेटोळं नाही.
टोक आहे म्हणावं तर आहे,
फोकस रेसभर हलवला की नाही.
तक्त्यातल्या सातव्या प्रश्नाला
दोन्ही उत्तरं देऊन मेली.

‘जात कळनी का?’

काचेच्या कडा मेणाने बुजवते.
चिठ्ठीवर लिहिते: अडावद, केळी, मादी एक.
पुढे रेघ ओढते, रेघेवर काही नाही.

सुभान उरलेली माती उचलून
खिडकीखालच्या कढीपत्त्याकडे निघालेला.
अरे, तिथं नको.
तिथं नको, सुभान.